जनुक असणे आणि जनुक चालू असणे : डुकराकडून घेतलेला एक धडा



आरोग्याच्या पानावर डुक्कर कशाला, असे शीर्षक वाचून वाटले असेल. त्याचे कारण आधी सांगतो.

विहारातल्या आरोग्य वर्गानंतर दोघी जणी मागे थांबल्या होत्या. पहिली नुकतीच बाळंत झालेली. बाळ जन्मताना दोन किलो शंभर ग्रॅमचे. घरात सासूबाईंचे रोज एकच पालुपद, "हिच्या माहेरचं रक्तच बारीक, म्हणून नातू असा झाला." दुसऱ्या मावशी, वय पन्नासच्या आतबाहेर, उपाशीपोटी साखर ११८. म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण उंबऱ्यावर येऊन उभा आहे. त्यांना रोज चालायला सांगितले तर म्हणाल्या, "सिस्टर, आईला साखर, मामाला साखर. आमच्या रक्तातच आहे ती. मग उगाच तंगडतोड कशाला करायची?"

एकीला दोष लावला जात होता आणि दुसरीने स्वतःच हात टेकले होते, पण दोन्हीकडे समजूत एकच. रक्तात आले ते आले, त्यापुढे कुणाचे काही चालत नाही. विज्ञान असे सांगत नाही. जनुक अंगात असणे ही एक गोष्ट आणि ते चालू असणे ही दुसरी. हा फरक समजावून सांगायला आम्हाला सापडलेले सगळ्यात स्वच्छ उदाहरण डुकराचे आहे. ('स्वच्छ' आणि 'डुक्कर' एकाच वाक्यात आले, हसायला हरकत नाही.)

आधी थोडी तयारी. तांबड्या रक्तपेशींसारखे अपवाद सोडले तर शरीराच्या प्रत्येक पेशीत सगळीच्या सगळी जनुके असतात. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची डीएनएमध्ये लिहिलेली कृती. डोळ्याच्या पेशीत जठररसाची कृती असते, आणि जठराच्या पेशीत डोळ्याची. मग डोळ्यात जठररस का तयार होत नाही?

आम्ही वॉर्डात काम करीत होतो तेव्हाचे उदाहरण घेऊ. समजा, औषध भांडारात एक जाडजूड पुस्तक आहे आणि त्यात हजारो कृती आहेत. पुस्तक भांडाराबाहेर न्यायचे नाही असा नियम. ज्या वॉर्डाला जे हवे तेवढीच कृती चिठ्ठीवर उतरवून घ्यायची. चिठ्ठी वॉर्डात जाते, तिथे काम होते, काम झाले की चिठ्ठी फाडून टाकतात. पेशीतले पुस्तक म्हणजे डीएनए, आणि चिठ्ठी म्हणजे एमआरएनए. कोविडच्या लसींच्या बातम्यांमुळे हा शब्द आता घरोघरी ऐकलेला आहे. जनुकाची चिठ्ठी उतरवून तिच्याबरहुकूम काम होणे, म्हणजे जनुक चालू असणे. पाठ्यपुस्तकात याला 'जनुकाची अभिव्यक्ती' म्हणतात. कोणत्या वॉर्डात, कधी आणि किती चिठ्ठ्या जायच्या, यावर सगळा खेळ आहे. डोळ्याच्या वॉर्डात जठररसाची चिठ्ठी जातच नाही.

इन्सुलिनचेही तसेच. त्याचे जनुक आपल्या कातडीतही आहे आणि मेंदूतही, पण शरीराला पुरेल इतके इन्सुलिन बनते ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशींमध्येच. डुकराचेही तेच. आणि डुकराचे इन्सुलिन आपल्या इतके जवळचे, की ५१ अमिनो आम्लांपैकी फक्त एक वेगळे. १९८२ साली जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात येईपर्यंत जगभरचे मधुमेही डुकराच्या आणि गायीच्या इन्सुलिनवरच जगले. ज्या जनावराला शिवीसारखे वापरले जाते त्याने किती जीव तगवले, हे आम्हाला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी कळले आणि आजही विसरता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती स्वीडन आणि बेल्जियममध्ये घडली.

स्वीडनमधल्या उप्साला येथील संशोधकांनी युरोपातले रानडुक्कर आणि 'लार्ज व्हाइट' नावाचे पाळीव डुक्कर यांचा संकर केला. आपल्याकडच्या वराहपालकांना जे 'यॉर्कशायर' माहीत आहे, ते हेच पांढरे, लांब अंगाचे डुक्कर. रानडुक्कर चरबीदार, तर लार्ज व्हाइट मांसल. (जनावरांना 'जात' म्हणताना आमचा हात अडखळतो, म्हणून या लेखात आम्ही 'वाण' म्हणणार आहोत.) नातवंडांच्या पिढीत कोणाच्या अंगावर मांस किती, पाठीवर चरबीचा थर किती, हे मोजले आणि गुणसूत्रांशी ताडून पाहिले. त्याच सुमारास बेल्जियममध्ये लिएज येथे दुसरा गट 'पिएत्रँ' आणि लार्ज व्हाइट यांच्या संकरावर हेच काम करीत होता. १९९९ साली दोघांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि दोघांचे बोट एकाच ठिकाणी होते. डुकराच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ, 'आयजीएफ-२' या जनुकाच्या परिसरात. हे जनुक वाढीचे प्रथिन बनवते. इन्सुलिनचे ते नात्यातले आहे आणि गुणसूत्रावर त्याच्या शेजारीच राहते.

एक गोष्ट मात्र दोन्ही गटांना चक्रावणारी होती. पिल्लाला जनुकाची एक प्रत बापाकडून मिळते, एक आईकडून. इथे मांसल होण्याचा गुण बापाकडून आला तरच पिल्लात दिसत होता. तोच गुण आईकडून आला, तर पिल्लू नेहमीसारखेच. आईची प्रत हजर असायची, पण मुकी.

याला इम्प्रिंटिंग म्हणतात. इम्प्रिंट म्हणजे ठसा. आयजीएफ-२ च्या बाबतीत हे आधी उंदरांमध्ये कळले होते. बिघडलेले आयजीएफ-२ बापाकडून आले की उंदराची पिल्ले नेहमीच्या साधारण साठ टक्के वजनाची जन्मत, आईकडून आले तर अगदी धडधाकट. कारण असे. नराच्या शुक्राणूत या जनुकाच्या शेजारच्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा बसवल्या जातात. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढीशी ती खूण. तिला मिथाइल म्हणतात. स्त्रीबीजात त्या जागी अशा खुणा नसतात. खुणा नसलेल्या जागी एक अडवणारे प्रथिन येऊन बसते आणि आयजीएफ-२ पर्यंतची वाट बंद होते. बापाच्या प्रतीवर खुणा असल्यामुळे त्या प्रथिनाला बसायला जागा मिळत नाही, वाट मोकळी राहते आणि चिठ्ठ्या निघतात.

या खुणा कायमच्या नसतात. प्रत्येक पिढीत, बीज तयार होताना, जुन्या पुसल्या जातात आणि नव्याने घातल्या जातात. समजा, एका नर डुकराला मांसल करणारी प्रत त्याच्या आईकडून मिळाली. त्याच्या अंगात ती मुकीच राहणार. पण त्याच्या शुक्राणूत तीच प्रत बापाच्या खुणा घेऊन पुढे जाते आणि त्याच्या पिल्लांत बोलू लागते. म्हणजे आजीकडून आलेले, बापात गप्प बसलेले आणि नातवंडात बोलके झालेले. 'हा गुण कुणाकडून आला' या प्रश्नावर जे घराघरांत छातीठोक बोलतात, त्यांनी इथे जरा थांबावे.

पण नेमका बदल कुठे होता? तो शोधायला आणखी चार वर्षे गेली. २००३ मध्ये त्याच दोन देशांच्या गटांनी मिळून उत्तर दिले. सगळ्यांची अपेक्षा, प्रथिनाच्या कृतीतच काही फरक असेल. तसे काही नव्हते. मांसल डुकराचे आयजीएफ-२ प्रथिन आणि रानडुकराचे आयजीएफ-२ प्रथिन यांत काही फरक नव्हता. फरक एका अक्षराचा होता, आणि तोही जनुकाच्या अशा तुकड्यात, जो चिठ्ठी बाहेर पडण्याआधी कापून टाकला जातो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'जी'च्या जागी 'ए'. बस. वर्षानुवर्षे असल्या तुकड्यांना बिनकामाचा कचरा म्हटले जात होते.

त्या एका अक्षराने केले काय? जन्मानंतर, स्नायूंमध्ये, आयजीएफ-२ च्या चिठ्ठ्या तिप्पट निघू लागल्या. प्रत्येक चिठ्ठीवरचा मजकूर जुनाच, फक्त चिठ्ठ्या तिप्पट. परिणाम म्हणजे तीन-चार टक्के जास्त मांस, पाठीवर कमी चरबी, आणि हृदयही आकाराने मोठे, कारण हृदय हाही स्नायूच. आणि इथे आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. हे पिल्लू आईच्या पोटात असताना त्याच्या स्नायूंत काही फरक नव्हता. जन्मानंतरही यकृतात फरक नव्हता. अक्षर तर प्रत्येक पेशीत बदललेले होते, डोक्यापासून शेपटीपर्यंत! पण त्याचा परिणाम दिसला तो एका ठराविक वॉर्डात आणि ठराविक वयात.

याचे कारण २००९ मध्ये सापडले. त्या अक्षराच्या जागी एरवी एक प्रथिन येऊन बसते आणि आयजीएफ-२ ला दाबून धरते. त्याचे नाव झेडबेड-६. एक अक्षर बदलले की त्याची पकड सुटते. नळाच्या तोटीचा आटा झिजावा आणि पाणी जास्त यावे, तसे. हे झेडबेड-६ मूळचे आले कुठून, तेही ऐकण्यासारखे आहे. डीएनएमध्ये काही तुकडे एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जाऊन बसतात. बार्बरा मॅक्क्लिंटॉक या शास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत मक्यावर काम करताना ही उडी मारणारी जनुके शोधली. बरीच वर्षे त्यांचे म्हणणे कुणी मनावर घेतले नाही आणि १९८३ साली त्यांना नोबेल मिळाले. झेडबेड-६ हे असेच एके काळचे भटके जनुक. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते सस्तन प्राण्यांच्या डीएनएत येऊन स्थिरावले आणि आता तिथे वाढीवर देखरेख ठेवते. ते माणसातही आहे.

रानडुकरात हे बदललेले अक्षर नाही. लार्ज व्हाइट, लँडरेस, पिएत्रँ या वाणांत ते भरपूर आढळते. पैदास करणाऱ्या शेतकऱ्यांना डीएनएचे अक्षर कुठे माहीत होते? युरोपात एके काळी डुकराच्या चरबीला चांगली किंमत होती, तेव्हा चरबीचे डुक्कर चांगले. पुढे लोक चरबी टाळू लागले, कमी चरबीच्या मांसाला भाव आला, शेतकऱ्याने तसे नर निवडले, आणि नकळत हे अक्षर निवडले गेले. डोंगरात, बर्फात जगणाऱ्या रानडुकराला मात्र चरबीच तारते. अक्षर चांगले की वाईट हे अक्षरात लिहिलेले नसते. अलीकडे चीनमध्ये बामा या लहानखुऱ्या वाणात जनुक संपादनाने मुद्दाम हीच पकड सैल करून मांस वाढवून पाहिले गेले आहे.

आणखी एक आकडा, कारण त्याशिवाय हे उदाहरण अर्धवट राहील. १९९९ च्या स्वीडिश अभ्यासात डुकरा-डुकरांमधल्या मांसाच्या फरकापैकी १५ ते ३० टक्के फरक या एका जागेमुळे होता. एका जागेसाठी हा प्रचंड आकडा आहे. पण उरलेले ७० ते ८५ टक्के? ते इतर जनुकांचे, खाद्याचे, आजारांचे, निगराणीचे. पेंड न घालता गोठ्यात उपाशी बांधले तर तिप्पट चिठ्ठ्या काय करणार? चिठ्ठी आली तरी वॉर्डात औषध हवे ना!

आता माणसाकडे वळू. आपल्यातही आयजीएफ-२ आहे आणि आपल्यातही गर्भात बापाचीच प्रत बोलते. तिथल्या खुणा बिघडल्या की क्वचित फार लहान किंवा फार मोठी बाळे जन्मतात. ते दुर्मीळ आजार आहेत, आपल्या बाळंतिणीच्या बाळाला त्यांतले काही नाही. पण या खुणांवर आईच्या पोटातल्या उपासमारीचा काही परिणाम होतो का? होतो. ते हॉलंडमध्ये कळले.

१९४४ च्या शेवटी जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची अन्नाची वाट रोखली. माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरीच्याही खाली गेला. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला तेव्हा ती उपासमार संपली. त्या हिवाळ्यात ज्यांची गर्भधारणा झाली अशा साठ जणांचे रक्त सुमारे साठ वर्षांनी तपासले गेले आणि त्यांच्याच सख्ख्या भावा-बहिणींशी ताडून पाहिले. आयजीएफ-२ वरच्या मिथाइल खुणा त्यांच्यात थोड्या कमी होत्या. अन्न मिळाले, देश उभा राहिला, ही माणसे म्हातारी झाली, पण पहिल्या काही आठवड्यांची उपासमार डीएनएवर नोंदलेली राहिली. हा अभ्यास २००८ चा आहे. त्यातली आणखी एक बाब नर्स म्हणून आम्हाला विशेष वाटते. ज्यांच्या आया गरोदरपणाच्या शेवटी उपाशी होत्या, त्यांच्या खुणांत फरक नव्हता, पण ती बाळे जन्मताना वजनाने कमी होती. ज्यांची सुरुवात उपाशी झाली, त्यांच्या खुणा बदलल्या, पण जन्माचे वजन ठीक. म्हणजे काट्यावरचे वजन सगळे सांगत नाही, आणि जे सांगते ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांबद्दल.

मिथाइल खूण घडवायला शरीराला लागणारा माल अन्नातून येतो. फॉलिक आम्ल, बी-१२, चांगली प्रथिने. गोळी खाल्ली की अमुक जनुक सुधारते, असे कुणी विकायला आले तर त्याला दारातूनच परत पाठवा. पण फॉलिक आम्लाचा एक उपयोग पक्का सिद्ध आहे. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, आणि ती नीट मिटायला फॉलिक आम्ल लागते. २८ दिवस म्हणजे पाळी चुकली आहे हे कळून जेमतेम आठ-पंधरा दिवस. आपल्याकडे नोंदणी होते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तोवर ती वेळ निघून गेलेली असते. म्हणून मूल हवे असे ठरल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम. शाळेत मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक आम्लही असते. ती गोळी दप्तराच्या तळाशी पडलेली आम्ही किती वेळा पाहिली आहे! शाळकरी मुलींच्या आयांनी दप्तर एकदा उलटे करून बघावे.

मावशींना आम्ही काय सांगितले? तुमच्या आईकडून काही कल तुमच्यात आला असेल, ते खोटे नाही. पण चालल्याने स्नायूंच्या पेशींत ग्लुट-४ नावाचे प्रथिन जास्त बनते. रक्तातली साखर पेशीत घ्यायचे ते दार आहे. त्याचे जनुक तुमच्यात जन्मापासून आहे, चालायला लागलात की त्याच्या चिठ्ठ्या वाढतात, बसून राहिलात की पुन्हा कमी होतात. चेन्नईत उंबऱ्यावरच्याच माणसांवर झालेल्या अभ्यासात, २००६ साली, आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. त्यांच्याही घराण्यात साखर होतीच की. मावशी म्हणाल्या, "मग सकाळी का संध्याकाळी?" आम्ही म्हटले, जेव्हा पाय मोकळे असतील तेव्हा, पण अर्धा तास.

बाळंतिणीच्या घरी आम्ही स्वतः गेलो. सासूबाईंसमोर रानडुकरापासून हॉलंडपर्यंत सगळे सांगितले. वाढीच्या या जनुकाची सुनेची प्रत गर्भात मुकी असते आणि तुमच्या मुलाचीच बोलते, हे ऐकून त्या चपापल्या. "म्हणजे खोट आमच्या पोरात?" नाही, तसेही नाही. मग आम्ही सुनेचे कार्ड मागितले. हिमोग्लोबिन सातव्या महिन्यात ८.२. त्यानंतर तपासलेलेच नाही. लोहाच्या गोळ्या मळमळते म्हणून आठव्या महिन्यात बंद केलेल्या. शेवटपर्यंत विहिरीवरून पाणी आणणे चालू. आणि कोनाड्यात मिश्रीची डबी. ती कुणाची, असे विचारले तर दोघींनी एकमेकींकडे पाहिले. तंबाखूने गर्भातल्या बाळाचे वजन घटते, मग ती ओढा, चावा की दातांना लावा.

डबी आम्ही सासूबाईंकडून मागून घेतली. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने कसे बांधायचे ते दाखवले, दर दोन तासांनी अंगावर पाजायला सांगितले. सुनेच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, जेवणानंतर, लिंबू पिळून घेतलेल्या वरणभातावर. चहा मात्र तासभर नंतर. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी सासूबाई स्वतः नातवाला घेऊन आल्या. काट्यावर दोन किलो नऊशे.